पाण्यातला ऑक्सिजन मोजणाऱ्या मायक्रोसेन्सरचा झिरो (ऑक्सिजन नसतानाचं रीडिंग) बीकरमध्ये नायट्रोजन सोडूनही खाली येत नाही, ड्रिफ्टही आहे (रीडिंग हळूहळू सरकतं), सेन्सर गेला का?

एवढ्यात नवा मागवू नका. नायट्रोजन सोडला म्हणताय, पण बीकर उघडा होता ना? आणि नळी सिलिकॉनची? मग तो झिरो नव्हेच, वरून हवा मिसळत राहते आणि सिलिकॉनमधून ऑक्सिजन आरपार जातो.

एमएस्सीनंतर एका लॅबमध्ये मी खाडीच्या चिखलाचे प्रोफाइल (किती खोलीवर किती ऑक्सिजन) काढायचो, तिथे डिट्टो हेच झालं होतं. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "टोक फोडलंस, कबूल कर." ५० मायक्रॉनचं काचेचं टोक, फुटलं तरी नुसत्या डोळ्यांना कळत नाही, मी काय पुरावा देणार? म्हटलं मायक्रोस्कोपखाली बघू, तर म्हणे वेळ नाही. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी सोडियम अ‍ॅस्कॉर्बेट आणि कॉस्टिक सोडा, दोन्ही ०.१ मोलर, असं द्रावण केलं (अ‍ॅस्कॉर्बेट ऑक्सिजन खाऊन टाकतं, बुडबुड्यांची भानगडच नाही), टोक अलगद आत सोडलं आणि सिग्नल जो घसरला तो पार तळाला जाऊन बसला. सेन्सर ठणठणीत! सकाळी ग्राफ दाखवला तर सर म्हणाले, "नव्याची ऑर्डर गेली आता." सॉरी वगैरे काही नाही.

ड्रिफ्टचं म्हणाल तर सेन्सर बरेच दिवस बंद असेल तर −०.८ व्होल्टला रात्रभर ठेवा, दहा मिनिटांत कॅलिब्रेशन उरकणाऱ्यांनी सेन्सरला नावं ठेवू नयेत. टोकात आतून बुडबुडा दिसला तर उकळून कोमट केलेल्या पाण्यात बुडवून ठेवा. कुणी शेजारून गेलं की सिग्नल उड्या मारत असेल तर अर्थिंग बघा.

आणि खारट पाणी असेल तर हिशोब वेगळा, हे पण सरांना कधी पटलं नाही. २५ डिग्रीला हवेने संपृक्त गोड्या पाण्यात लिटरला साधारण २५८ मायक्रोमोल ऑक्सिजन असतो, समुद्राच्या पाण्यात २०६ च्या आसपास, पण सेन्सरला दोन्ही सारखेच, कारण तो ऑक्सिजनचा दाब मोजतो, प्रमाण नव्हे. सर गोड्याचा आकडा खाडीला लावायचे, म्हणजे सगळं पाव पटीने जास्त, आणि तसेच ग्राफ सेमिनारमध्ये दाखवायचे.

हां, अ‍ॅस्कॉर्बेटमध्येही सिग्नल उतरला नाही तर मात्र टोक खरंच गेलंय. आणि उतरला तर नंतर टोक नीट धुवा. माझा तो ठणठणीत सेन्सर पुढे दोन महिन्यांनी माझ्याच हातून बीकरच्या काठावर आपटला. सर काही बोलले नाहीत, त्यांनी मागवलेला नवा खोक्यात तयारच होता.