कॅथोलिक पॅरिशमधली (म्हणजे आपल्या भागातल्या चर्चमधली) स्टुअर्डशिप म्हणजे काय? दर महिन्याला पैसे द्यावेच लागतात का?

स्टुअर्डशिप म्हणजे आपला वेळ, कला, पैसा देवाचा समजून त्यातला वाटा चर्चला देणं. किती द्यायचं याचा ठरलेला आकडा चर्चच्या कायद्यात नाहीये. कॅनन लॉ म्हणजे हाच चर्चचा कायदा, त्याचा २२२ नंबरचा नियम म्हणतो की चर्चच्या गरजांना हातभार लावणं भाविकांचं कर्तव्य आहे, किती लावायचा ते म्हणत नाही. दशांश बायबलात आहे, पण कॅथोलिकांना दहा टक्क्यांची सक्ती नाही.

आता खरं सांगतो मी का लिहितोय ते. आमच्या पॅरिशमध्ये (खान्देशातलं गाव, नाशिक धर्मप्रांत, नाव नको) एका वर्षी फॉर्म वाटले. तीन रकाने, वेळ, कला, पैसा. टाइम, टॅलेंट, ट्रेझर म्हणतात ते हेच, अमेरिकेतल्या बिशपांच्या १९९२च्या पत्रातही हाच विचार आहे, की जे आहे ते देवाचं, आपण नुसते कारभारी. पप्पा वायरमन, रिटायर्ड. त्यांनी पहिले दोन रकाने भरले आणि तिसऱ्यात पन्नास रुपये लिहिले. पुढच्या रविवारी मिस्सा झाल्यावर बघतो तर बोर्डावर फक्त तिसऱ्या रकान्याची यादी, आकड्यांसकट, आणि पप्पा सगळ्यात खाली. यादी केली कोणी तर माझ्या दाजींनी, कमिटीत होते ते! घरी आल्यावर मी विचारलं तर दाजी म्हणे, "अरे वेळेची पावती कशी फाडू?"

आता बघा भो, मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, चर्चचे पंखे बंद पडले की प्रवचन कोणाच्या कानात शिरत नाही. पप्पा शनिवारी संध्याकाळी टेस्टर दातात धरून शिडीवर, खाली मी शिडी धरून. कंडेन्सर स्वतःच्या खिशातून आणायचे, बिल कधी दिलं नाही. नाताळच्या रात्री मिस्सा चालू असताना फ्यूज उडाला तेव्हा अंधारात सगळ्यांनी त्यांच्याच नावाने हाका मारल्या, तेव्हा कोणाला यादी आठवली नाही.

बायबलात मार्कच्या बाराव्या अध्यायात विधवेच्या दोन टोल्या आहेत, म्हणजे दोन अगदी छोटी नाणी, आणि येशू म्हणतो तिनेच सगळ्यांपेक्षा जास्त दिलं, त्यावर दाजींनीच एकदा प्रार्थनासभेत अर्धा तास भाषण ठोकलं होतं. म्हणून माझं मत, नावासमोर आकडा लावणारी स्टुअर्डशिप म्हणजे वर्गणी, गणपतीत गल्लीत घेतात ती. तुमच्याकडे फॉर्म आला तर वेळेच्या रकान्यात तास लिहा, महिन्याला इतके, स्पष्ट, म्हणजे कोणी शून्य समजणार नाही.

हो, पैसाही लागतो, लाइट बिल हुन्नरानं भरत नाही. मी स्वतः देतो, पाकिटात घालून, आणि हिशोब विचारायला लाजू नका, प्रत्येक पॅरिशला फायनान्स कौन्सिल, म्हणजे पैशांचा कारभार बघणारी समिती, असणं कॅनन लॉच्या ५३७ नंबरच्या नियमानुसार बंधनकारक आहे. आणि नंतर आलेल्या फादरांनी ती यादी काढून टाकली, हेही सांगायला हवं, सगळे सारखे नसतात.

दाजी, वाचत असाल तर दुसऱ्या बाकावरचा पंखा अजून खडखडतोय. शिडी आमच्याकडेच आहे, घेऊन जा.