शाळेत मधमाश्यांबद्दल बोलायचंय? सुरुवात मधापासून करू नकोस

वाईजवळच्या तुझ्या गावात शाळेतल्या मुलांसमोर आणि नंतर शेतकऱ्यांच्या बैठकीत बोलायचंय, तर 'मधमाश्या महत्त्वाच्या' यापलीकडे काय सांगू, असं तू विचारलंयस. तरुण मधपाळ हे काम अंगावर घेतोय याचा फार आनंद झाला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मध आधी बाजूला ठेव. मधाचं नाव काढलं की लोक भाव विचारतात आणि मग सगळा वेळ भेसळीवरच जातो. त्यापेक्षा बाजारातून दोन स्ट्रॉबेरी घेऊन जा, एक भरलेली आणि एक एका बाजूने आक्रसलेली. मुलांच्या हातात भिंग दे. स्ट्रॉबेरीच्या अंगावरच्या दाण्यादाण्यात एकेक बी असतं. ज्या दाण्याला पराग पोचला त्याच्या आसपासचा गर फुगतो. नाही पोचला तिथले दाणे बारीक आणि दाटीवाटीने राहतात, फळ तिथेच आत ओढलं जातं. थंडीनेही फळ वाकडं होतं, हेही सांग. पण माशी फुलावर गोल फिरते तेव्हा नेमकं काय घडतं, ते मुलांना यातून डोळ्यांनी दिसतं. स्ट्रॉबेरीचा हंगाम नसेल तर काकडीचा वेल दाखव. मादी फुलाच्या मागे इवलीशी काकडी आधीच असते, नर फुलामागे नुसता देठ. या फुलाचा पराग त्या फुलावर कोण नेणार, हा प्रश्न मुलं स्वतःच विचारतात.

शेतकऱ्यांपुढे मात्र वाढवून काही बोलू नकोस. 'मधमाशी संपली तर माणूस चार वर्षांत संपेल' हे वाक्य आइन्स्टाइनच्या नावावर फिरतं. तो असं म्हणाल्याचा पुरावा नाही. ज्वारी-गव्हाला मधमाशी लागत नाही, उसाची लागण कांडीनेच होते, आणि तासगावच्या द्राक्षबागायतदाराला विचारलंस तर तोही हेच सांगेल की त्याचं तिच्यावाचून अडत नाही. हे तू आपणहून कबूल केलंस की सूर्यफूल, कांद्याचं बियाणं, कारली-काकडी, डाळिंब यांच्याबद्दल तू जे सांगशील ते लोक मनावर घेतील.

मग फवारणीवर ये. माझ्या मते सगळ्या भाषणात हाच भाग सर्वांत गरजेचा आहे. फुलोऱ्यात कीटकनाशक टाळा, मारावंच लागलं तर दिवस मावळल्यावर मारा आणि आदल्या दिवशी मला फोन करा, एवढंच हात जोडून सांग. फोन आला की पेट्यांची दारं रात्री, सगळ्या माश्या आत आल्यावर बंद करायची; हवा मात्र खेळती हवी. पेट्या हलवायच्या असतील तर चांगल्या लांब ने. बांधाच्या पलीकडे सरकवल्यास तर माश्या जुन्याच जागी येऊन घोटाळत बसतात.

मुलांना आग्या आणि सातेरी यांतला फरक नीट समजाव. कड्याला, उंच झाडाला, पाण्याच्या टाकीला उघड्यावर एकच मोठं पोळं लटकतं ते आग्याचं. त्याला दगड मारायचा नाही, खाली धूर करायचा नाही. ढोलीत, अंधारात समांतर पोळी बांधते ती सातेरी, तुझ्या पेटीतली. पेटी रिकामी ने, सोबत एक जुनी चौकट ने. मुलांच्या गर्दीत जिवंत वसाहत उघडू नकोस. डंख झाला तर नांगी कातडीत राहते आणि तिची पिशवी विष सोडत राहते, म्हणून ती लगेच नखाने खरवडून काढायची. अंगभर गांधी उठल्या किंवा धाप लागली तर चुना-हळद करत न बसता थेट दवाखाना.

मुलांना आवडलं तर सहलीसाठी मांघर सुचव. महाबळेश्वरजवळचं हे गाव २०२२ मध्ये देशातलं पहिलं 'मधाचं गाव' ठरलं. खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालयही महाबळेश्वरातच आहे. गुरुजींना आधी तिथे चौकशी करायला सांग, म्हणजे मुलांना पेट्या कधी दाखवता येतील ते कळेल.