फॉरमॅट मारू नका, आधी दोन्हीकडचे आयपी बघा

भाऊ, तुमची पोस्ट वाचून हसू आलं आणि चीडही आली. वर घरात एक कॉम्प्युटर, खाली कृषी केंद्रात दुसरा. नेट दोन्हीकडे झकास. पण वरच्या कॉम्प्युटरवरचं बिलांचं फोल्डर दुकानातून उघडायला गेलं की 'नेटवर्क पाथ सापडला नाही'. आणि नेटवाला म्हणतो, विंडोज फॉरमॅट मारा. हेच मलाही ऐकवलं होतं. फोल्डर शेअर करणं, परमिशन देणं तुम्ही केलंच असेल, ते सोडतो.

वर रेंज येत नाही म्हणून दुसरा राउटर बसवून घेतला, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते गोम तिथंच आहे. दोन्ही कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) टाका, म्हणजे आयपी, त्या कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता, दिसेल. खाली १९२.१६८.१ ने सुरू होणारा पत्ता आणि वर १९२.१६८.० ने, असं दिसलं तर कॉम्प्युटर दोन्ही निर्दोष आहेत. एका घरात दोन ग्रामपंचायती झाल्यात, एवढंच. नेटवाल्यानं खालून आलेली केबल वरच्या राउटरच्या वॅन पोर्टात (बाहेरून नेट आत घेणारं तोंड) खुपसली, की तो राउटर आपलं वेगळं नेटवर्क थाटतो. मग वरून खालचं फोल्डर आयपी टाकून कधी उघडतं, खालून वरचं मात्र उघडत नाही. यानंच माझं डोकं सगळ्यात जास्त फिरलं होतं.

आमचं रावेरकडचं जुनं धाब्याचं घर, मातीच्या जाड भिंती. वायफाय एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाईना, म्हणून दुसरा डबा, म्हणजे राउटर, घेतला. केळीच्या कटाईचे दिवस, काट्याच्या पावत्या एका कॉम्प्युटरवर आणि हिशेब दुसऱ्यावर. कनेक्शन देणाऱ्या ऑफिसात गेलो (नाव घेत नाही, तालुक्याला सगळे एकमेकांना ओळखतात) तर पहिलं उत्तर, "व्हायरस असेल." दुसरं, "नेट चालतंय ना? मग आमचं काम संपलं." राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड मागितला तर तो "कंपनीचा" म्हणे. डबा मी विकत घेतलेला, पासवर्ड कंपनीचा! वरून मोबाइलवर मेसेज, तक्रारीचं निवारण झालं. कोणाचं झालं, देव जाणे. ऐन सीझनमध्ये पेनड्राइव्ह घेऊन जिने चढ-उतर करत बसलो. असो.

उपाय सोपा आहे. वरच्या राउटरमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट मोड (वेगळं नेटवर्क न थाटता फक्त रेंज पुढं देणं) असेल तर तो चालू करा. नसेल तर त्याचं डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करा, त्याला खालच्या मालिकेतला मोकळा पत्ता द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२, आणि केबल वॅनमधून काढून लॅन पोर्टात (घरातली उपकरणं जोडायचं तोंड) लावा. डबा तुमच्या मालकीचा असून पासवर्ड मिळत नसेल तर रीसेट करा. पण पहिला डबा, म्हणजे फायबर येतो तो, चुकूनही रीसेट करू नका. नेटच जाईल आणि परत त्याच ऑफिसची पायरी चढावी लागेल. राउटरचे मेनू मॉडेलप्रमाणे बदलतात, त्यामुळे नावं थोडी इकडची तिकडं होतील.

एवढं झाल्यावर विंडोज त्याला नवीन नेटवर्क समजून पब्लिकवर (कॉम्प्युटर इतरांपासून लपवणारी सेटिंग) टाकू शकतं, ते प्रायव्हेट करा. दुकानातला कॉम्प्युटर गेस्ट, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या, वायफायवर असेल तर काढा, गेस्टवर उपकरणं एकमेकांना सहसा दिसत नाहीत. फोल्डर उघडताना पासवर्ड विचारला तर तिथं विंडोजचा पिन चालत नाही, खात्याचा खरा पासवर्ड लागतो. मी तर म्हणतो, वरच्या कॉम्प्युटरवर फक्त शेअरिंगसाठी वेगळं लोकल खातं करा आणि त्याला पासवर्ड द्या. 'पासवर्ड प्रोटेक्शन बंद करा, एसएमबी १ (विंडोजची फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) चालू करा' असं सांगणारे व्हिडिओ ढिगानं आहेत. मला ते अजिबात पटत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो याच जुन्या एसएमबी १ मधल्या भगदाडातून, आणि तुमच्याकडे उधारीची खाती आहेत.

स्पीड मरतुकडा वाटला तर केबलचं टोक बघा. आपल्याकडे आठपैकी चारच तारा टोकात दाबून बसवून (क्रिंप करून) देणारे महाभाग आहेत. मग गिगाबिट राउटर असूनही १०० एमबीपीएसच (सेकंदाला १०० मेगाबिट) मिळतं, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १२ एमबीच्या आसपास. आठही तारा नीट बसल्या तर ११० एमबीपर्यंत जातं.

राउटरला छोटा यूपीएस लावा. लोडशेडिंगमध्ये फाइल अर्धी कॉपी होऊन बसते. आणि शेअर केलेलं फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे. खालून कोणी डिलीट केलं तर वरचीच फाइल जाते, रिसायकल बिनमध्येही सापडत नाही. महिन्याचा हिशेब बाहेरच्या हार्डडिस्कवर वेगळा काढत चला.

विंडोज ११ चं २४एच२ हे व्हर्जन असेल तर पासवर्डाशिवायच्या शेअरिंगला आणखी अडचणी येतात, ते वेगळं प्रकरण आहे. आधी दोन्हीकडचे आयपी आणि वरच्या राउटरचं मॉडेल इथं टाका, मग बघू. तोवर फॉरमॅट नको भो.