मोबाईलवर तासभर बसतो, मग वहीपुढं का नाही?

एडीएचडीची, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं मुलाला अवघड जातं त्या अवस्थेची, शंका घेऊन येणारे पालक हा प्रश्न विचारल्याशिवाय राहत नाहीत. सांगलीच्या विश्रामबागेत माझ्याकडं आलेल्या एका वडिलांनी तर तो खुर्चीत नीट टेकायच्या आतच विचारला. "मॅडम, मोबाईल दिला की तासभर हलत नाही. वही काढली की पाच मिनिटांत पाणी, शू, पेन्सिलीला टोक. लक्ष नाही म्हणायचं कसं? सगळी नाटकं हायत."

मुलगा तिसरीतला, साडेआठ वर्षांचा. घरी सोन्या म्हणतात, आपणही तेच म्हणू. बाकी ओळखीचे तपशील बदलले आहेत. कसबे डिग्रजकडचं शेतकरी घर, ऊस आणि थोडी हळद. शाळेतून पुन्हा चिठ्ठी आली होती: जागेवर बसत नाही, प्रश्न संपायच्या आत उत्तर ओरडतो, रोज काहीतरी हरवतो. आई गप्प होती. तिच्या पिशवीत सोन्याचा डबा होता, वर्गात विसरलेला आणि येता येता शाळेत जाऊन आणलेला.

वडिलांना म्हटलं, पाटाला पाणी भरपूर आहे, पण दारं धरायला माणूस नाही. मग पाणी उतार असेल तिकडं जाणार. गेममध्ये दर दोन-चार सेकंदांना काहीतरी फुटतं, वाजतं, गुण मिळतात. तिथं लक्ष आपोआप ओढलं जातं. वहीत असं काही होत नाही. तिथं लक्ष स्वतः वळवून धरून ठेवावं लागतं, आणि या मुलांचं नेमकं तेच कच्चं असतं. म्हणून मोबाईलवर रमतो याचा अर्थ एडीएचडी नाही, असा काढता येत नाही. तसंच चुळबुळ्या प्रत्येक पोराला एडीएचडी असतो असंही नाही.

निदान मी करत नाही, ते बालमानसोपचारतज्ज्ञांचं किंवा विकासात्मक बालरोगतज्ज्ञांचं काम. सोन्याला मिरजेला पाठवलं. यासाठी रक्ताची तपासणी नसते, स्कॅनही नसतो. लक्षणं वयाच्या १२ वर्षांच्या आत सुरू झालीत का, किमान ६ महिने टिकलीत का, घरी आणि शाळेत दोन्हीकडं दिसतात का, हे पाहतात. त्यासाठी वर्गाच्या बाईंकडूनही प्रश्नावली भरून घेतात. कान, डोळे आणि झोप आधी तपासायची, कारण कमी ऐकू येणारं किंवा रात्री घोरणारं मूलही वर्गात असंच वागतं. सोन्याचं ते सगळं ठीक होतं. निदान एडीएचडीचंच आलं.

पुढच्या वेळी आजी सोबत आल्या. त्यांचा संशय गुळावर. "गूळ-शेंगदाणं लई खातो, त्यानंच अंगात मस्ती येती." उसाच्या पट्ट्यात हे मी कायम ऐकते. १९९४ सालचा एक प्रयोग आजींना सांगितला. साखर खाल्ली की आमचा मुलगा अंगात आल्यासारखा करतो, असं म्हणणाऱ्या आयांना बोलावलं होतं. निम्म्या जणींना सांगितलं, मुलाला साखर दिली आहे. दिली नव्हती कुणालाच. सगळ्यांना बिनसाखरेचं गोड पेय. तरी त्या निम्म्या आयांना आपला मुलगा जास्त उधळल्यासारखा वाटला आणि त्या त्याला जास्त टोकत राहिल्या. आजी हसल्या, पण पटलं नाही. दातांसाठी गूळ कमी केला तर माझी हरकत नव्हती.

आईला एक संध्याकाळ फोनवर रेकॉर्ड करून आणायला सांगितलं होतं. ते ऐकलं. "सोन्या बूट काढ, डबा मोरीत ठेव, हातपाय धू आणि वही घेऊन बस बघू," हे सगळं स्वयंपाकघरातून, कुकरच्या शिट्टीवर आवाज चढवून. मग पुन्हा. मग बाबांचा आवाज. मग रडणं. पहिल्या दहा मिनिटांत सोन्याचं नाव किती वेळा आलं, ते मोजायचं मी सोडून दिलं. आणि वह्या? एकदाही उघडल्या नव्हत्या.

बदल इथूनच सुरू केला. हाक मारायची नाही. जवळ जायचं, खांद्यावर हात ठेवायचा, एकच काम सांगायचं. ते झालं की दुसरं. वडील लगेच म्हणाले, "एवढ्या मोठ्या पोरामागं असं फिरायचं? लाडावून ठेवल्यासारखं नाही का होणार?"

माझ्या मते सगळ्या घराची गाडी इथंच अडते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने मुलांच्या मेंदूचे स्कॅन वर्षानुवर्षे ताडून पाहिले, तो अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. मेंदूच्या बाह्य आवरणाचा निम्मा भाग पूर्ण जाडीला पोचायचं मधलं वय इतर मुलांत साडेसातच्या आसपास निघालं, एडीएचडी असलेल्यांत साडेदहाच्या. सगळ्यात जास्त उशीर पुढच्या भागात, म्हणजे थांबणं, ठरवणं, आवरणं जिथून चालतं तिथं. वाढ त्याच क्रमानं, फक्त उशिरा. म्हणून मी पालकांना ढोबळ हिशेब सांगते: गप्पा, प्रश्न, गणिताची समज यात सोन्याला साडेआठचाच धरा, दप्तर, वेळ, वस्तू सांभाळणं यात पाच-सहाचा धरा. पहिलीतल्या पोराचं दप्तर भरताना आपण शेजारी उभे राहतोच ना? त्याला कुणी लाड म्हणत नाही.

दुसरी अडचण सायकलची. जूनमध्ये कबूल केलं होतं, वार्षिक परीक्षेत चांगले मार्क पडले तर सायकल. इतक्या लांबचं बक्षीस या मुलांपर्यंत पोचतच नाही. त्याऐवजी ओट्यावर एक काचेची बरणी आली. दहा मिनिटं अभ्यास, समोर टायमर, उभं राहून लिहिलं तरी चालेल. झालं की राजम्याचा एक दाणा बरणीत. दाणे त्याच रात्री वटवायचे: बाबांबरोबर मोटारसायकलवर फेरी, नाहीतर भडंग आणि एक गोष्ट जास्त. चुकला म्हणून बरणीतला दाणा काढायचा नाही, हे आजींना दोनदा सांगावं लागलं. तीनेक आठवड्यांत बक्षिसाची नवलाई ओसरते. तेव्हा बक्षीस बदलायचं, पद्धत नाही.

शाळेत बाईंनी त्याला खिडकीपासून हलवून पुढच्या बाकावर घेतलं. वह्या वाटणं, खडू आणणं ही उठायची कामं त्याच्याकडं दिली. मी एकच आग्रह धरला, शिक्षा म्हणून मधल्या सुट्टीतलं खेळणं बंद करू नका.

औषधाची भीती सगळ्यांना होती: व्यसन लागेल, पोर सुस्त होईल. सहाच्या आतल्या मुलांत आधी पालकांचं प्रशिक्षण करतात. त्यापुढं औषध आणि वागणुकीवरचं काम जोडीनं चालतं. डॉक्टरांनी दिलेलं मिथाइलफेनिडेट हे झोपेचं औषध नव्हे. मात्र ते कडक नियंत्रणाखालचं आहे, चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि मनानं कमी-जास्त करायचं नसतं. भूक मंदावते, कधी झोप लांबते, म्हणून वजन, उंची, नाडी तपासत राहतात. सोन्याचा दुपारचा डबा भरलेलाच परत येऊ लागला. आईनं गोळीआधी भाकरी-दूध आणि रात्री पोटभर जेवण असा बेत बसवला. वजन टिकलं.

आता चिठ्ठ्या कमी आल्यात. वडील अजून संतापतात, पण बाहेर अंगणात जाऊन. जोडाक्षरं आणि फळ्यावरून उतरवण्यातल्या चुका मात्र तशाच आहेत. एडीएचडीबरोबर अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणित अडणं, नवी नाही, आणि ती औषधानं जात नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचं वेगळं नाव नाही. त्यामुळं पुढं परीक्षेतल्या सवलतींसाठीही अध्ययन अक्षमतेची तपासणी कामाला येते. दिवाळीच्या सुट्टीत ती करून घ्यायची ठरली आहे.