पोरीच्या दारातला बर्फ अन् पोस्टातले पाच लाख

गुरुजी, नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांना समजावं म्हणून आधी थोडक्यात सांगतो. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झाले, नेर तालुक्यात राहतात, चार एकर वावर आहे, सोयाबीन-तूर. पोरगी अन् जावई कॅनडात लंडनला (इंग्लंडचं नाही, ऑन्टारियो प्रांतातलं), मे महिन्यात त्यांनी घर घेतलं, हप्ते चालू आहेत. पोरीला डिसेंबरमधे बाळ होणार, जावयाच्या कमरेचं दुखणं आहे, अन् दारातला बर्फ काढायला त्यांनी १,६०० डॉलरचं बॅटरीवरचं स्नो ब्लोअर (बर्फ ओढून बाजूला फेकणारं मशीन) पाहून ठेवलंय. गुरुजी म्हणतात पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असते ते काही जमलं नाही, निदान हे मशीन तरी मी देतो, त्यासाठी पोस्टातलं ज्येष्ठ नागरिक योजनेचं खातं मोडू का केसीसीतून (किसान क्रेडिट कार्डाच्या पीककर्जातून) उचलू?

दोन्ही नको. पण मशीन देऊच नका असं मी म्हणून नाही राहिलो, ते वेगळं.

आधी पोस्टाचं. तुमचं ५ लाखाचं खातं, १४ महिने झाले. ह्या योजनेत मधून थोडेसे काढता येत नाहीत, मोडायचं तं पूर्ण खातं मोडावं लागते, अन् एक ते दोन वर्षाच्या मधात मोडलं की मुद्दलाचे दीड टक्का कापतात. म्हणजे तुम्हाला लागतात लाखभर अन् कट होणार पूर्ण ५ लाखावर, ७,५०० रुपये. वरून तुमचा ८.२ टक्क्याचा रेट जो पाच वर्ष बांधलेला आहे तो गेला, उरलेले पैसे बँकेत टाकाल तिथं एवढं व्याज बहुतेक भेटणार नाही. ह्याच खात्यातून तुम्हाला दर तिमाहीला १०,२५० रुपये येऊन राहिले, तेच वापरू ना आपण, गाय कायले विकायची.

केसीसीचा मोह मला समजते. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ३ लाखापर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं तं व्याज शून्यावर येते, मंग फुकटचे पैसे का नाही वापरायचे असं वाटणारच. पण शून्य व्याज हे "मुदतीत भरलं तं" ह्या अटीवर टांगलेलं आहे. सोयाबीनचा हमीभाव (२०२५-२६ ला क्विंटलमागं ५,३२८ होता) जाहीर असला तरी व्यापारी काय भाव लावते हे तुम्ही मला शिकवाल, अन् पैसे एकदा डॉलर होऊन गेले की वावरातून काही ते परत यायचे नाहीत. एक हंगाम फसला, भरणा हुकला, की सवलत गेली अन् पुढच्या वर्षी बँकेत चकरा. ते पैसे हरभऱ्याच्या पेरणीसाठी राहू द्या.

आता जे तुम्ही पत्रात एका ओळीत लिहून पुढं गेले अन् माझी नजर तिथंच अडली. काकू (गुरुजींच्या मिसेस) नोव्हेंबरमधे पोरीकडं जाऊन राहिल्या सहा महिन्यांसाठी, तिकीट झालं, वय ६२, बीपीची गोळी चालू, अन् विमा "तिकडे गेल्यावर पाहू". गुरुजी, हे आधी करा, मशीन मागून. ऑन्टारियोत पोरीचं सरकारी हेल्थ कार्ड असेल, ते काकूंना चालत नाही, व्हिजिटर माणसाला दवाखान्याचं पूर्ण बिल खिशातून भरावं लागते अन् तिथं दोन दिवस ऍडमिट राहणं म्हणजे आपल्या इथं लाखांची गोष्ट होते. पूर्ण सहा महिन्याचा विमा घ्या, अन् बीपी लिहा, लपवू नका, एजंट म्हणेल कशाला लिहिता प्रीमियम वाढते, तरी लिहा, कारण क्लेम तिथंच नाकारला जाते. आधीच्या आजाराला कव्हर आहे की नाही हे पॉलिसीत कागदावर दिसलं पाहिजे. मी ह्यासाठी ६० हजार बाजूला धरून चालतो, कमी लागले तं चांगलंच.

आता मशीन. हे त्यांना पाहिजेच, ह्यात मला शंका नाही. तुम्ही लिहिलं की दारातली जागा एका गाडीच्या रुंदीची आहे अन् दोन गाड्या मागंपुढं उभ्या राहतात, म्हणजे समजा ३ मीटर बाय १२ मीटर, ३६ चौरस मीटर. त्यावर रात्रीतून वीतभरापेक्षा कमी, १५ सेंटीमीटर बर्फ पडला तं होते साडेपाच घनमीटरच्या जवळपास. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला १०० किलो जरी धरला तरी साडेपाच क्विंटल माल झाला, अन् ओला असला तं दुप्पट-तिप्पट. सोयाबीनचे साडेपाच क्विंटल फावड्यानं उचलून बाजूला फेकायचे, पहाटे, उणे दहा डिग्रीत, ड्युटीवर जायच्या आधी, अन् दोन दिवसांनी पुन्हा. कमरेचं दुखणं असलेल्या माणसाचं हे काम नाही, धडधाकट माणसालाही थंडीत जोरानं फावडं मारताना हार्ट अटॅक येतात. लंडन हे ह्युरॉन सरोवराच्या वाऱ्याच्या पट्ट्यात आहे, सरोवराची वाफ उचलून तो वारा तिथं बर्फ टाकत राहते.

पण १,६०० वालं जे त्यांनी पाहिलं ते टू-स्टेज आहे. त्यात पुढचा लोखंडी स्क्रू बर्फ ओढते अन् मागचा पंखा नळीतून दूर फेकते, आपल्या थ्रेशरचा पंखा भुसा फेकते ना तसं. फूटभर बर्फ, मोठं अंगण, गिट्टीची जमीन, तिथं ते पाहिजे. ३६ चौरस मीटरच्या डांबरी किंवा काँक्रीटच्या जागेला सिंगल-स्टेज पुरते, रबरी पात्यांचा एकच रोलर, जमिनीला घासून साफ करते, २१ इंच रुंदीचं, वजनाला हलकं, बॅटरीसकट हजार डॉलरच्या आसपास. त्याची अडचण एकच. नगरपालिकेची गाडी रस्ता साफ करत जाते अन् तुमच्या दाराच्या तोंडाशी बर्फाचा धुरा (बांध) टाकून जाते, तो दबलेला, जड, अन् रात्रभर राहिला तं दगड होते. सिंगल-स्टेजनं तो ताजा असतानाच अर्धा अर्धा पट्टा घेत काढावा लागते. जावयांची ड्युटी अशी असली की धुरा बारा तास तसाच पडून राहते, तं मंग मी म्हणेन टू-स्टेजच घ्या.

वायरवालं इलेक्ट्रिक ह्याच्या निम्म्याच्याही आत येते, अन् खरं सांगतो माझं मन पहिल्यांदा तिकडंच गेलं, बॅटरी मरायची भानगडच नाही. पण बाहेर चालणारी जाड वायर, थंडीनं कडक झालेली, अंधारात रोलरखाली येऊ न देता सांभाळत फिरायचं, अन् घरात ओली बाळंतीण. नाही पटत. पेट्रोलचं ताकदवान असते पण तेल, प्लग, पडून राहिलेलं पेट्रोल, त्याच्यामागं वेळ देणारा माणूस घरात पाहिजे.

बॅटरीबद्दल मात्र जावयांना माझ्यातर्फे सांगा. आमच्या वावरातला फवारणी पंप, १६ लिटरचा, १२ व्होल्टची बॅटरी. पहिल्या साली एका चार्जिंगवर दिवस निघायचा. हंगाम संपला, बाबांनी कोठ्यात खुंटीला टांगला तसाच, उतरलेल्या बॅटरीनिशी, अन् दुसऱ्या साली चार-पाच टाक्यात आवाज बसायला लागला, कपाशीत अर्ध्या तासात उभे. ती लेड-ऍसिड होती, ह्या मशीनची लिथियम आहे, दोन्हीचा स्वभाव वेगळा, पण हलगर्जीपणा दोघींनाही चालत नाही. लिथियम बॅटरी गॅरेजच्या थंडीत ठेवायची नाही, घरात आणायची, घरातच चार्ज करायची, शून्याच्या खालच्या थंडीत चार्जिंगला लावली तं ती कायमची खराब होऊ शकते. अन् उन्हाळ्यात ठेवायची तं अर्धी भरलेली. किटच्या किमतीतला मोठा हिस्सा बॅटरीचाच असते म्हणून एवढं सांगून राहिलो.

आता हिशोब. तिथं पाटीवरच्या किमतीत टॅक्स नसते, ऑन्टारियोत १३ टक्के वरून लागते, म्हणजे तुमचे १,६०० हे १,८०८ होते अन् हजाराचे १,१३०. कॅनडाचा डॉलर ६२ रुपये धरला तं पहिल्याचे १ लाख १२ हजार, दुसऱ्याचे ७० हजार. तुमच्याजवळ बचत खात्यात १ लाख ४० हजार, त्यातले ६० विम्याला, उरले ८०. १ ऑक्टोबरचं पोस्टाचं व्याज १०,२५०. पेन्शन ३८ हजार, घरखर्च २४, म्हणजे दोन महिन्यात २८ हजार मागं पडते. त्यातून ६०० डॉलर पाठवा, बँकेचा खर्च धरून ४० हजार, तरी तुमच्याजवळ तीन महिन्याच्या घरखर्चाएवढे राहते. उरलेले ५३० जावई भरतील. तुम्हाला हे अर्धवट वाटेल, मला माहीत आहे, बापाच्या मनाला पूर्णच द्यावंसं वाटते. पण हे दोघं डॉलरमधे कमावते अन् तुम्ही रुपयात जपलेलं, अन् बाळंतविडा, डिंकाचे लाडू, काकूंचे सहा महिने, हे सगळं तुम्ही देऊनच राहिले.

पाठवायला बँकेत ए-टू फॉर्म (परदेशात पैसे पाठवायचा अर्ज) अन् पॅन लागते. वर्षाला १० लाखाच्या आत पाठवलं तं टीसीएस (पाठवतानाच बँक घेते तो टॅक्स) कापत नाही, पोरीला ह्यावर टॅक्स नाही, ना इथं ना तिथं. डॉलरचा रेट दोन बँकांत विचारा, फी कमी सांगून रेटमधे काढून घेतात.

अन् एक राहिलं. नळीत बर्फ अडकला तं हात घालायचा नाही, मशीन बंद असलं तरी नाही. दाबून बसलेला बर्फ सुटला की पातं गचकन फिरते अन् बोटं जातात. बॅटरी काढायची अन् मशीनसोबत येते त्या काडीनंच काढायचं. काकूंनाही सांगून पाठवा, त्या हौसेनं मदतीला जातील.

पैसे पाठवायच्या आधी पोरीला आज रात्री फोन करून तीन गोष्टी विचारा. जागा टेपनं मोजून किती भरते, खाली डांबर आहे का गिट्टी (गिट्टी असली तं सिंगल-स्टेज बाद, ते दगड फेकते), अन् मे महिन्यापासून गवत कापायला त्यांनी जे मशीन वापरलं ते बॅटरीवरचं आहे का, कोणत्या कंपनीचं, किती व्होल्टचं. तेच व्होल्ट अन् तीच कंपनी असली तं त्यांना नुसतं बिनबॅटरीचं मशीन भेटू शकते. बॅटरीवरचा नंबर फोटोत स्पष्ट दिसेल असा पाठवायला सांगा अन् मला दाखवा, हिशोब पुन्हा मांडू.