'वियुग्मन धारित्र' कुणाला कुणापासून सोडवतं?

लातूरला डिप्लोमा करणाऱ्या एका विद्यार्थिनीनं विचारलंय: "डीकपलिंग कपॅसिटरला एका पुस्तकात 'वियुग्मन धारित्र' म्हटलंय. वियुग्मन म्हणजे जोडी सोडवणं. पण हा कपॅसिटर तर चिपच्या पाच व्होल्ट आणि ग्राउंड या दोन पायांमध्ये जोडायचा असतो. तो काहीच तोडत नाही, मग हे नाव कसं?"

धारित्र म्हणजे कपॅसिटर, थोडी वीज साठवून गरजेला देणारा भाग. शंका रास्त आहे, आणि उत्तर शब्दाच्या मुळाशीच आहे. 'युग्म' हा 'युज्' धातूचा. बैलांच्या मानेवरचं आपलं 'जू' संस्कृत 'युग'वरून आलं, म्हणजे तेही त्याच घरातलं. एका जुवाखालचा एक बैल ठेचकाळला की हिसका दुसऱ्याच्या मानेला बसतो. युग्मन म्हणजे नुसतं जोडलेलं असणं नव्हे, तर एकाचं दुसऱ्याला लागणं.

ब्रेडबोर्डावर (सोल्डर न करता सर्किट जोडायच्या भोकांच्या पाटीवर) पुरवठ्याची तार हेच जू. साध्या 555 टायमर चिपचं आउटपुट पालटताना तो क्षणभर बराच प्रवाह ओढतो. तारेत दर सेंटिमीटरला ढोबळमानानं 10 नॅनोहेन्री इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला होणारा विरोध, असतो. 10 सेंटिमीटर तारेतून 5 नॅनोसेकंदांत 50 मिलिअँपिअर वाढले, तर तेवढ्या वेळापुरता 1 व्होल्ट त्या तारेतच जातो. पाचाचे चार! शेजारचा काउंटर, म्हणजे ठोके मोजणारी चिप, त्या हिसक्याला खरा ठोका समजून एक आकडा जास्त मोजू शकतो. मायक्रोकंट्रोलर मध्येच रीसेट होतो आणि मुलं प्रोग्राममधली चूक शोधत बसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

चिपच्या अगदी पायाशी कपॅसिटर असला की ती क्षणाची गरज तिथल्या तिथं भागते आणि तो पुढं सावकाश भरून घेतो. जोडणी आहे तशीच राहते, हिसका तेवढा पुढं जात नाही. तेव्हा 'वियुग्मन' वाचताना 'हिसक्यापुरतं' हा शब्द मनात धरा. 'युग्मन धारित्र' मात्र वेगळं. ते अँप्लिफायरच्या दोन टप्प्यांमध्ये ओळीत बसतं, आवाजाचा सिग्नल पुढं जाऊ देतं आणि डीसी, म्हणजे एकाच दिशेचा स्थिर प्रवाह, अडवतं.

तरीही शिकवताना मला 'शिदोरी' हा शब्द अधिक जवळचा वाटतो. धुऱ्यावर भाकरी बांधलेली असली की सालगड्याला भुकेपायी गावात यावं लागत नाही. आणि शिदोरी घरीच राहिली तर तिचा उपयोग काय? कपॅसिटर बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला लावणाऱ्यांना एवढं सांगितलं तरी पुरतं. बोर्डावर पुरवठा येतो तिथला 10 किंवा 100 मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक जातीचा मोठा कपॅसिटर म्हणजे घरची कणगी. साठा मोठा, पण चिपपासून लांब. दोन्ही हवेत.

'कपॅसिटर' की 'कंडेन्सर'? वस्तू एकच. 'कंडेन्सर' हे जुनं नाव व्होल्टानं 1782 साली दिलं, आणि आपल्याकडं पंख्याच्या व पाण्याच्या मोटारीच्या तोंडी ते अजून टिकून आहे. म्हणून दुकानात नुसता कंडेन्सर मागितलात तर पंख्याचा हाती पडायचा. '104 चा सिरॅमिक' म्हणा: 10 वर चार शून्यं, म्हणजे 1,00,000 पिकोफॅरड, म्हणजेच 0.1 मायक्रोफॅरड. त्याला उलट-सुलट बाजू नसते. दर चिपमागं एक, असे मोजून घ्या.