अमेरिकेत पोलिसांनी राज्याचा कायदा मोडून झडती घेतली, तर सापडलेला पुरावा बाद होतो का?

दरवेळी नाही होत, आणि इथेच लोक फसतात बघा. व्हर्जिनियात एकाला सस्पेंड झालेल्या लायसन्सवर गाडी चालवताना पकडलं, राज्याच्या कायद्याप्रमाणे नुसतं समन्स देऊन सोडायला हवं होतं पण पोलिसांनी अटक केली, अंगझडती घेतली आणि १६ ग्रॅम क्रॅक कोकेन निघालं. २००८ मध्ये सुप्रीम कोर्ट एकमताने म्हणालं, गुन्हा डोळ्यासमोर घडलाय ना, मग चौथी घटनादुरुस्ती (अवाजवी झडती आणि जप्तीपासून संरक्षण देणारं अमेरिकी राज्यघटनेतलं कलम) मोडली नाही, पुरावा चालेल. मला हे आजही पटत नाही, राज्याने घातलेल्या बंधनाला मग अर्थ काय उरला?

उलटंही होतं. रस्त्याच्या कडेला ठेवलेली कचऱ्याची पिशवी पोलिसांनी वॉरंटशिवाय उघडली तरी १९८८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणे चालतं, पण न्यू जर्सीत (आपली मराठी माणसं तिथे भरपूर आहेत म्हणून मुद्दाम सांगतेय) राज्याच्या कोर्टाने १९९० मध्ये वॉरंट लागेलच म्हटलं, कारण राज्य नागरिकाला जास्त संरक्षण देऊ शकतं, कमी नाही. फक्त केस फेडरल (म्हणजे राज्याच्या नाही, देशपातळीवरच्या) कोर्टात गेली की साधारणपणे फेडरल नियमच बघतात, त्यामुळे वकिलाला आधी विचारा, केस नेमकी कुठल्या कोर्टात आहे.